वाजवून घेतलेला गोळा

कासाब्लांका, ६ ऑक्टोबर १९९६

बतूल, सलाम.

फोन सोडून पत्र लिहितोय याचं नवल वाटून घेऊ नकोस. फोन आईच्या खोलीत आहे, आणि परवा आपण भावाबहिणींनी ज्या आवाजात चर्चा केली ती ऐकून आईने फोनची वायरच काढून उशीखाली ठेवली. म्हणाली, भांडायचं तर कागदावर भांडा, कागद माझ्या कानाशी ओरडत नाही.

डॉक्टर लहलूंनी फोटो पाहिला. उजव्या खुब्यातला हाडाचा गोळा पार झिजलाय, तो कापून दुसरा बसवावा लागेल. १४ नोव्हेंबरची तारीख मिळाली आहे. इथली रीत तुला ठाऊक आहे: खाट, सुरी आणि डॉक्टर दवाखान्याचे, गोळा घरच्यांनी आणून द्यायचा. गोळे दोन जातींचे मिळतात, एक कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा आणि दुसरा सिरॅमिकचा. डॉक्टर म्हणाले, दोन्ही चालतील, घरात बसून ठरवा. हे वाक्य त्यांनी आपल्या घराला ऐकवायला नको होतं.

मी ठरवलंय. मिश्रधातू. माझी हयात भट्टीसमोर पंपांची चाकं ओतण्यात गेली आहे, तेव्हा धातूचा स्वभाव मला कुणी शिकवू नये. धातू मरायच्या आधी सांगतो. आधी वाकतो, कुरकुरतो, मग तुटतो. तुझं सिरॅमिक सकाळी ठणठणीत असतं आणि दुपारी त्याचे तुकडे केरसुणीने गोळा करावे लागतात.

आईला खाटेपासून मोरीपर्यंत जायला झोहोरचा खांदा लागतो. तरीही रमजानचा उपास सोडायचा पहिला मसुराचा हरीरा मीच उभी राहून करणार, असं तिने जाहीर केलंय. झोहोरच्या हरीऱ्याला ती 'भांडी धुतलेलं पाणी' म्हणते, आणि तेही झोहोरच्याच खांद्यावर हात ठेवून. बायको माझी गरीब आहे म्हणून ऐकून घेते.

तू साफीत पोरांना माती शिकवतेस, खुशाल शिकव. आईच्या हाडात फुलदाणी बसवायची नाही, एवढंच सांगायला हे पत्र.

मेक्की


साफी, ११ ऑक्टोबर १९९६

मेक्की दादा, वालेकुम सलाम.

'मी ठरवलंय' हे वाचून बरं वाटलं. तुझी तब्येत चांगली आहे हे कळलं.

फुलदाणी म्हणालास. फुलदाणीची माती आणि खुब्यातल्या गोळ्याचं ॲल्युमिना सिरॅमिक यांचं नातं किती, तर झोहोरवहिनीच्या बिडाच्या तव्याचं आणि विमानाच्या पंख्याचं असतं तेवढं. पण तुला इथल्या आपल्या कुंभारांच्या टेकडीवरून खाली उतरून इतकी वर्षं झाली की भट्टीतून निघालेलं सगळंच तुला मडकं दिसतं.

आता नीट वाच, वाटल्यास दोनदा. सिरॅमिकचा गोळा इतका कठीण असतो की हिरा आणि त्याचे दोनचार नातलग सोडले तर त्याच्यावर कुणाला ओरखडा काढता येत नाही. तुझ्या कोबाल्ट-क्रोमियमवर हाडाची एखादी बारीक कणी किंवा सिमेंटचा कण बसला की रेघ उठते. मग ती रेघ प्रत्येक पावलागणिक, गोळा ज्यात फिरतो ती प्लास्टिकची उखळी नांगरत बसते. त्या प्लास्टिकचा भुगा साठतो, आजूबाजूचं हाड पोखरतो, आणि काही वर्षांनी आई पुन्हा खाटेवर. शिवाय सिरॅमिक अंगातलं पाणी धरून ठेवतं, ओलं राहतं, घसरतं. गंजण्याचा तर प्रश्नच नाही, ते मुळात जळून-भाजूनच जन्माला आलेलं असतं.

मागच्या हिवाळ्यात इथल्या खत कारखान्यात तुमच्या फाउंड्रीचं चाक पंपातून बाहेर काढलं, तेव्हा मी तिथेच उभी होते. फॉस्फेटच्या चिखलाने त्याची पाती उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी केली होती. त्याच पंपाच्या नळीला आतून सिरॅमिकच्या फरश्या लावल्या आहेत, त्यांच्यात मी माझं तोंड पाहून घेतलं. पंपाचे लोक विचारत होते, हे चाक कुणी ओतलं. मी ओळख दाखवली नाही. उपकार मानायची गरज नाही.

बतूल


कासाब्लांका, १७ ऑक्टोबर १९९६

बतूल,

चिखलात गोटे घुसले होते, हे पंपाच्या लोकांनी तुला सांगितलं नसेल. त्या गोट्यांनी चाक कुरतडलं गेलं, तरी शेवटच्या दिवसापर्यंत फिरत राहिलं. तुझी फरशी त्याच जागी गरगर फिरली असती आणि एक गोटा वर्मी बसला असता, तर तुला तोंड कशात पाहायचं हा प्रश्न पडला असता.

कठीणपणाचं कौतुक मला सांगू नकोस. कठीणपणा म्हणजे चिवटपणा नव्हे, हे आमच्याकडे भट्टीत कोळसा टाकणाऱ्यालाही कळतं. सिरॅमिकला दाब दे, ते डोंगरासारखं उभं राहील, हे मी मानतो. पण त्याला ताण दे, पिळ, त्यात डोळ्याला न दिसणारी एक चीर असू दे, की खेळ खलास. चिरेला धातूत वाट सापडत नाही, धातू तिच्या टोकाशी जरासा वाहतो आणि तिचं तोंड बोथट करतो. सिरॅमिकमध्ये चीर सुटते ती सुटतेच. आई उद्या न्हाणीत घसरली तर? तेव्हा तुझी चकाकती फरशी तिच्या मांसात कुठे कुठे शोधायची?

आणि एक गंमत ऐक. तुझा लाडका गोळा शेवटी बसतो कशावर? हाडात ठोकलेल्या दांडीवर. दांडी कशाची? मिश्रधातूची. गोळा कुठलाही घे, आईला उभी धरणारा धातूच आहे.

सिरॅमिक कसं असतं ते मला पुस्तकातून कळायची गरज नाही, मी बाबांच्या कुंभारभट्टीवर, त्यांच्या हाताखाली वाढलो. फाउंड्रीत लागल्यावर मी ओतलेलं पहिलं चाक, न गंजणाऱ्या पोलादाचं, बसमधून मांडीवर घेऊन मी घरी आलो होतो. तू शाळेत होतीस, तुला आठवत नसेल. बाबांनी ते हातात घेतलं, बोटाच्या पेराने वाजवलं आणि म्हणाले, "आवाज बरा आहे. पण यातून पाणी पिता येत नाही." बस, एवढंच. मग ते चाक घरात मला कधी दिसलं नाही. भट्टीमागच्या खापरांच्या ढिगावर गेलं असणार. त्यानंतर मेले तोवर माझ्या कामाबद्दल एक शब्द विचारला नाही. एकदा तडकले ते तडकले. असला माल मला आईच्या अंगात नको.

मेक्की


साफी, २३ ऑक्टोबर १९९६

दादा,

राजा गाढवावर बसून आला म्हणून गाढवाला कुणी मुजरा करत नाही. तुझ्या दांडीला माझा सलाम सांग.

चिवटपणात तू वरचढ, हे मी लिहून देते. पण आई खुबा घेऊन काय हातोड्याखाली जाणार आहे? ती चालणार आहे. रोजच्या चालण्यात झीज मारते, आणि झिजेच्या बाबतीत तुझा धातू माझ्या सिरॅमिकच्या पायाशी बसायच्या लायकीचा नाही. न्हाणीत घसरण्याची भीती वाटत असेल तर न्हाणीत खरखरीत फरशी बसवून घे. इतकी वर्षं झोहोरवहिनी तेच सांगते आहे.

बाबांना यात ओढलंस ते मला आवडलं नाही. ते खरं तेच बोलले. तुझ्या चाकातून पाणी पिता येत नव्हतं, यात रागवण्यासारखं काय आहे?

आईशी बोलणं झालं. तू कामावर गेलास की ती वायर जोडते आणि स्वतः फोन करते, हे तुला ठाऊक नसेल. मी तिला दोन्हींचे गुणदोष समजावून सांगितले. सगळं ऐकून ती म्हणाली, "कशाचाही आणा, पण लवकर आणा." म्हणजे सिरॅमिकला तिची हरकत नाही. मी गोळा घेतला आहे. ११ नोव्हेंबरला येईन, पेटी तुझ्या कपाटात ठेवीन आणि दुसऱ्या दिवशी परत जाईन, माझ्या पोरांच्या परीक्षा आहेत. पेटीला हात लावायचा नाही. धातूच्या माणसांना सगळ्या गोष्टी चिमट्यात धरायची सवय असते.

बतूल


कासाब्लांका, १६ नोव्हेंबर १९९६

बतूल,

तू परीक्षा घेत बैस. इथे काय झालं ते ऐक.

१४ तारखेला आईला नळ्या लावून, हिरवा झगा घालून ढकलगाडीवर निजवली होती. माझा हात धरून ती म्हणाली, मसूर नीट निवडून ठेवायला सांग झोहोरला, मागच्या वेळी खडा लागला होता. एवढ्यात डॉक्टर लहलू तुझी पेटी हातात घेऊन बाहेर आले. तिला उलटीपालटी केली आणि मला विचारलं, हे आतलं पाकीट कुणी फोडलं? सील उघडलेलं, वरून चिकटपट्टी लावलेली, आणि पट्टीवर मातीच्या बोटांचे ठसे. शाबास! असा गोळा माणसात घालता येत नाही, जंतू जातात, आणि खुब्यात एकदा पू झाला की सगळंच काढावं लागतं. ढकलगाडी फिरवली आणि आईला परत कपडे घालायला लावले. नवी तारीख आता ईद झाल्यावर.

ती घरी आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडली आहे. जी बाई आपल्या दोघांना पाठीला बांधून टेकडी चढली, तिला आज मोरीपर्यंत जाता येत नाही आणि रमजानही तसाच जाणार आहे. कारण काय, तर तुझ्या हातांना चैन पडत नाही. मला तुझी शरम वाटते.

मेक्की


साफी, २१ नोव्हेंबर १९९६

दादा,

हो, पाकीट मी फोडलं.

आपल्या टेकडीवर दोन पैशांचं मडकंसुद्धा वाजवून घेतात. मग आईच्या हाडात कायमची जाणारी वस्तू मी न वाजवता देऊ? कारखान्यात एकेक गोळा दाबून तपासतात हे मला माहीत आहे, मी ते पोरांना शिकवते. तरी हात आवरला नाही. गोळ्याभोवती दोऱ्याची जाळी गुंफून तो टांगला आणि चहाच्या चमच्याने हलकेच मारलं. दादा, असा वाजला की वर्गातली पोरं बोलायची थांबली. आत केसाएवढाही तडा नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. आईचं काय होईल, हे त्या क्षणी डोक्यात आलंच नाही. ते आता रोज येतं. तू शरम वाटते म्हणालास, ती इथे आधीच येऊन बसली आहे.

डॉक्टरांना मी फोन केला. म्हटलं, सोळाशे अंशांच्या भट्टीतून निघालेली वस्तू आहे, पुन्हा भट्टीत घालून जंतूंची राख करून देते. ते पोट धरून हसले. आणि हसता हसता म्हणाले, "लल्ला बतूलबाई, तुमचं एकटीचं कशाला, तुमच्या भावाने आणलेली दुसरी पेटीही तशीच फोडलेली होती."

कुठली दुसरी पेटी, दादा?

बतूल


कासाब्लांका, २८ नोव्हेंबर १९९६

बतूल,

होती दुसरी पेटी. कोबाल्ट-क्रोमियमची. माझी आई आहे, माझ्या घरात आहे, मी तिच्यासाठी काय आणावं याची परवानगी तुझ्याकडून घ्यायची नाही. ऐन वेळी दोन्ही पेट्या डॉक्टरांपुढे ठेवायच्या आणि त्यांनाच निवडू द्यायचं, असा विचार होता. ते शहाणे असते तर माझीच उचलली असती.

आणि ती मी उघडली, कारण व्यापारी काहीही विकतात. आमच्याकडे ओतीव मालाच्या अंगावरून कानशीचा कोपरा फिरवल्याशिवाय कुणी माल ताब्यात घेत नाही. कानस घसरली तर माल पक्का. मी गोळ्याच्या काठाखाली, जिथे काहीच घासत नाही अशा जागी, अगदी हलक्या हाताने फिरवली. कानस घसरायला हवी होती. घसरली नाही. बारीकशी रेघ उठली. आता तू हसशील, तुझा ओरखड्याचा पाठ पुन्हा म्हणून दाखवशील. दाखव. त्या रेघेने चालण्यात काही फरक पडला नसता, हे मी अजूनही म्हणतो.

पण सांगायचं वेगळंच आहे. आई गेली. काल मी फाउंड्रीत असताना अल-जदीदाहून रकिया मावशी मुलाची गाडी घेऊन आली आणि तिला घेऊन गेली. झोहोरने विचारलं तर आई म्हणाली, हवापालट. कपड्यांची पिशवी नेली, जपमाळ नेली, आणि फोनची वायरही नेली.

मला भीती वाटते बतूल. ती परत येणार नाही असं वाटतं. हे सगळं आपल्यामुळे झालं. आधी तुझ्यामुळे, पण माझ्याहीमुळे.

मेक्की


साफी, १४ डिसेंबर १९९६

दादा,

मावशीकडे रोज फोन करते. कधी आई झोपलेली असते, कधी नमाज पढत असते, कधी शेजारी गेलेली असते. जिला मोरीपर्यंत जाता येत नाही ती शेजारी कशी जाते, असं विचारलं तर मावशीने फोन ठेवला. आपल्याशी बोलायचं नाही, एवढं कळण्याइतकी अक्कल मला आहे. तू जाऊन दार ठोठावू नकोस. तू गेलास तर मीही येईन, आणि तिच्या उशाशी आपण पुन्हा तेच सुरू करू.

तुझी ती रेघ वाचून आधी खूप हसले. मग रडू आलं. तरीही तुझा तो धातू नको म्हणजे नको.

बतूल


अल-जदीदा, ३ जानेवारी १९९७

मेक्की आणि बतूल यांस,

दोघांना एकच पत्र लिहिते आहे. मेक्कीने वाचून पुढे साफीला पाठवावं. पाकीट उघडायला तुम्हाला सांगावं लागत नाही, हे मला माहीत आहे. माझं अक्षर वाकडं आहे, लावून वाचा.

मी इथे येईपर्यंत तुम्ही एकमेकांना लिहिलेली सगळी पत्रं मला ठाऊक आहेत. मेक्कीला आलेली झोहोर मला दाखवायची. बतूलला गेलेली मेक्की टपालात टाकायच्या आधी स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि माझी खोली शेजारी आहे. इतकं शिकलात, पण एवढ्या कागदांत एकानेही मला विचारलं नाही की आई, दुखतं कुठे. कठीणपणा विचारलात, चिवटपणा विचारलात, चीर कुठून कुठे जाते तेही विचारलंत. माझा खुबा तुम्हाला बाजारातला गाळा वाटला, ज्याने त्याने आपलं दुकान मांडलं.

ढकलगाडीवरून मला परत आणलीत तेव्हा मी ठरवलं, या दोन शहाण्यांच्या हातून मी काही उभी राहत नाही. डॉक्टर लहलू दर सोमवारी इथल्या दवाखान्यात येतात. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, "तुमच्या आईला कुठला घातला असता?" त्यांनी सांगितलं. गोळा व्यापाऱ्याच्या माणसाने सरळ दवाखान्यात आणून दिला, मी बजावलंच होतं की तो कुणाच्या घरी जाता कामा नये. माझ्या हातातल्या बांगड्या कुठे गेल्या, हे विचारू नका. ९ डिसेंबरला काम झालं. तुम्ही फोन करत होतात तेव्हा मी दवाखान्याच्या ओसरीत काठी घेऊन चालायला शिकत होते. रकियाला खोटं नीट बोलता येत नाही, म्हणून ती फोन ठेवायची.

गोळा कशाचा आहे, ते डॉक्टरांना माहीत आणि मला माहीत. तुम्हाला सांगणार नाही, मरेपर्यंत नाही. फोटो रकियाच्या गादीखाली आहे आणि त्या गादीवर रकिया झोपते. तिचं वजन तुम्हाला ठाऊक आहे.

आता मेक्कीला एक सांगायचं आहे. इतक्या वर्षांत तू विचारलं नाहीस, म्हणून कुणी सांगितलं नाही. तुझं चाक तुझ्या बाबांनी खापरांवर टाकलं नाही. हिरव्या ऑलिव्हचा मोठा रांजण ते स्वतः भरायचे, आठवतं? खाऱ्या पाण्यात ऑलिव्ह वर तरंगू नयेत म्हणून वरून वजन ठेवावं लागतं. दरवर्षी ते तुझं चाक धुवून ठेवायचे, त्यावर लिंबाची पानं पसरायचे, आणि झाकण लावायच्या आधी पेराने एकदा वाजवायचे. मी एकदा म्हटलं, पोराला सांगा की. तर म्हणाले, त्याला सांगितलं तर शेफारेल. तोंडाने कठोर होते, चूकच होती ती, मी त्यांना तेव्हाही तसं म्हणाले होते. पण तू दर हिवाळ्यात ते ऑलिव्ह खाल्लेस आणि म्हणत राहिलास की बाबा तडकले. आणि बतूल, तूही शहाणपणा करू नकोस. 'खरं तेच बोलले' म्हणून भावाला डिवचताना तुला त्या रांजणात काय आहे हे ठाऊक नव्हतं.

ते गेल्यावर रांजण मी रकियाकडे दिला. आज उघडला. चाकाला गंज नाही आणि रांजणाला चीर नाही. चाक धुवून खिडकीत ठेवलं आहे. मेक्कीने घेऊन जावं. वाटलं तर वाजवून न्यावं.

पुढचा शुक्रवार रमजानआधीच्या शाबान महिन्याचा शेवटचा. बतूलने आधी कासाब्लांकाला जायचं, मग दोघांनी जेवायला यायचं, एकाच बसने, शेजारी शेजारी बसून. झोहोरला घेऊन या, तिला म्हणावं आता तुझ्या खांद्याला सुट्टी. कुसकुस मी करते आहे. वाटेत गोळ्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, आणि इथे आल्यावर माझ्या खुब्याजवळ कान आणायचा नाही.

रकियाच्या घराची बेल दाबलीत की दोनदा दाबू नका, धीर धरा. जरा वेळ लागेल. दार उघडायला मीच येणार आहे.

तुमची आई,
हनिया